जाड टिपरू, बारीक छडी

मंगळवारी संध्याकाळी झेकोच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोळा रबरी चौकोन होते. त्यांतले पंधरा जिवंत होते आणि एक मेला होता. मेला होता तो नेमका खालच्या ओळीतला डावीकडचा पहिला, म्हणजे ‘धूम’चा. आणि लग्न रविवारी होतं.

झेकोने त्या चौकोनावर बोट मारलं. काही नाही. बोटाच्या पेराने मारलं. काही नाही. मग मूठ आवळून अशी दिली की टेबलावरची मिठाची वाटी उडाली, तेव्हा कुठे लाउडस्पीकरमधून एक ‘धूम’ आली. तीही विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तशी.

“मार अजून,” त्याची बायको नेदा म्हणाली. ती शेगडीपाशी उभी राहून हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजत होती. “वाटी अजून फुटली नाही.”

झेको अठ्ठावन्न वर्षांचा. द्रेनोविक गावात आणि तुंजा नदीच्या दोन्ही काठांवरच्या दहा-बारा गावांत त्याची ओळख एकच, तपानवाला. तपान खांद्याला अडकवून वाजवायचा, पिंपाएवढा मोठा ढोल. झेकोचा बाप तो वाजवायचा, बापाचा चुलता वाजवायचा. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक छडी. पाय कुठे टाकायचा ते टिपरू सांगतं आणि पाय कसा उचलायचा ते छडी सांगते. बाकीच्या गावांतले तपानवाले छडी नुसती तोंडी लावायला ठेवत. झेकोच्या घराण्यात छडी बोलायची.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. या खांद्यावर आता बटाट्याची पिशवीसुद्धा अडकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तपान भिंतीवर गेला. झेको महिनाभर त्याच्याकडे पाठ करून जेवत होता. मग परदेशात नोकरी करणाऱ्या मुलीने बस-ड्रायव्हरच्या हाती एक डबा पाठवला. शाळेच्या पाटीएवढा, वर ताटात वड्या पाडाव्यात तसे चार ओळींत सोळा चौकोन. डबा तारेने लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉप लाउडस्पीकरला, आणि बोटांनी चौकोनांवर वाजवायचं. त्याच्या ऑर्केस्ट्रातल्या अकॉर्डियनवाल्या दिंकोने आपल्या धान्याच्या कोठारात बसून झेकोच्या तपानाचा एकेक ठोका लॅपटॉपमध्ये भरून दिला. तपान भिंतीवर राहिला, आवाज लग्नांना जाऊ लागला.

अडचण एकच होती. आमच्याकडे लग्नात वाजंत्री बसून नसतात. सकाळी नवऱ्याच्या घरून निघायचं, कुमला, म्हणजे लग्नाच्या पहिल्या मानकऱ्याला, त्याच्या घरून वाजतगाजत आणायचं, मग सगळ्यांनी मिळून नवरीकडे. तीन मैल पायी, आणि तपान सर्वांत पुढे. टेबल घेऊन कोण चालणार? झेकोने माळ्यावरून मुलीची जुनी बाबागाडी काढली. बाळाच्या जागी डबा, खाली टोपलीत लॅपटॉप, दांडीला बॅटरीवरचा लाउडस्पीकर. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावांतल्या दोघा वाजंत्र्यांनी गुपचूप बाबागाड्या शोधल्या.

त्या डब्याने सहा वर्षं मार खाल्ला, आणि आता त्याची ‘धूम’ गेली होती.

नेदाने मिरच्या उतरवल्या, टोमॅटोचं सॅलड ठेवलं आणि राकियाचा ग्लास ठेवला. अर्धा.

“ही बाटली तुझ्या माहेराहून आली का?” झेको म्हणाला. दोन वर्षं झाली होती, ही बाई ग्लास अर्धाच भरायची.

“अर्धा पी. संपला की माग, परत देते.”

“घरच्या द्राक्षांची दारू आणि हॉटेलसारखी मोजून.”

नेदा शेगडीकडे वळली. झेकोने उजव्या हाताने ग्लास उचलला. डावा हात मांडीवर होता, टेबलाखाली.

*

बुधवारी मिंचोने त्याला आपल्या गाडीतून याम्बोल शहरात नेलं. मिंचो क्लॅरिनेट वाजवतो. झेकोपेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून त्याला ‘बाते’ म्हणतो, थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि थोरल्या भावाशी भांडतात तितकंच भांडतो.

गेर्गिनाचं वाद्यांचं दुकान बाजाराच्या मागे आहे. गेर्गिनाने वीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, त्यामुळे गिटारची तार विकतानाही ती मागच्या बाकावरच्याला ऐकू जाईल असं बोलते. तिने काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले.

“हे जुनं मॉडेल,” ती म्हणाली. “तुमच्यासारखंच. कुणीतरी दोन महिने वाजवून कंटाळला आणि विकायला ठेवून गेला. सोळाच्या सोळा चालू. कडक आहे, जोरात मारलं तरच ऐकतं. पण दणकट. घरी नेऊन तार लावलीत की लगेच सुरू. मात्र उद्या बिघडलं तर याचे भाग मिळणार नाहीत, आता कुणी बनवतच नाही.”

“आणि हे?” मिंचो म्हणाला. त्याची नजर आधीच दुसऱ्या डब्यावर होती. त्यातला प्रत्येक चौकोन आतून वेगळ्या रंगाने उजळत होता.

“हे नवं. मऊ आहे. माशी चालली तरी ऐकेल. हळू मारलं तर हळू वाजतं, जोरात मारलं तर जोरात, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या आहेत. पण याची तार वेगळी, प्रोग्राम वेगळा, आणि आकाराने दोन बोटं रुंद.”

झेकोने आधी जुन्यावर हात टाकला. धूम. धूम-धूम. जुन्या जोड्यात पाय घालावा तसं वाटलं. मग नव्यावर उजव्या हाताचं बोट टेकवलं. धूम. खोल, गोल, बापाच्या तपानासारखी. त्याने आणखी हळू मारलं, आणि दूरच्या डोंगरापलीकडे ढग गडगडावा तसा आवाज आला.

“बाते,” मिंचो हळूच म्हणाला, “हा तर तुझा तपान भिंतीवरून खाली उतरला.”

झेकोने डाव्या हाताचं बोट वरच्या ओळीत ठेवलं, जिथे छडीचा आवाज होता. एकदाच मारलं. टिक् यायला हवं होतं. आलं ते टिक्, आणि त्यामागे बारीक टिकिटिकिटिक्, जसं घुशीने फळीखाली काही कुरतडावं.

त्याने तापल्या तव्यावरून उचलावा तसा हात उचलला आणि खिशात घातला.

“हे बिघडलेलं आहे,” तो म्हणाला.

गेर्गिनाने तोच चौकोन स्वतः दाबला. टिक्. पुन्हा दाबला. टिक्. “नाही बरं.”

“मग वाईट आहे.”

“वाईट कसं?”

“मऊ आहे. तपान कधी मऊ असतो का?”

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण झेकोने ती कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी द्राक्षांच्या तोडणीत त्याच्या डाव्या हातातली कात्री थरथरू लागली. आधी त्याला वाटलं, दमलो. मग हिवाळा गेला, वसंत आला, आणि थरथर राहिली. काही करताना कमी, हात नुसता टेकवला की जास्त. डॉक्टर म्हणाले, याने मरणार नाहीस, पण हे थांबणारही नाही. झेको घरी आला आणि कप उजव्या हाताने उचलू लागला. लग्नात त्याला काही लपवावंच लागलं नाही. तो जुना डबा कडक होता, कमी ऐकायचा. एवढीशी थरथर त्याच्या कानापर्यंत जायचीच नाही. एका बहिऱ्या डब्याने झेकोची लाज दोन वर्षं झाकून ठेवली होती.

“किमतीला घाबरलास का?” मिंचो म्हणाला. “आम्ही वर्गणी काढतो.”

“तुझी वर्गणी तुझ्या क्लॅरिनेटात घाल, म्हणजे तेवढा तरी वेळ ते गप्प बसेल.”

“सुरात वाजवणाऱ्याचा राग बेतालाला येणारच.”

“दोन्ही घेऊन जा,” गेर्गिना म्हणाली. वर्गातली भांडणं कशी मिटवायची हे तिला माहीत होतं. “घरी वाजवून बघा. शनिवारी दुपारी मी दुकान बंद करते. त्याआधी एक परत आणा.”

परतीच्या वाटेवर मिंचो सूर्यफुलांच्या कापलेल्या शेतांकडे बघत गाडी चालवत होता. “तुला नवं गाढव दिलं,” तो शेवटी म्हणाला, “तर तू मेलेल्या गाढवाचे कान आठवत बसशील.” झेकोने खिडकीची काच खाली केली. उत्तर द्यायचं तर सगळंच द्यावं लागलं असतं.

*

गुरुवारचा दिवस नव्या डब्याने खाल्ला.

जुनी तार त्याच्या तोंडात बसेना. डब्याबरोबर आलेली तार लॅपटॉपच्या तोंडात बसेना. दिंको सायकलवरून येऊन एक जोड देऊन गेला. मग लॅपटॉप म्हणाला, नवा प्रोग्राम हवा. तो उतरवायला दुपार गेली. मग प्रोग्रामने नाव विचारलं, पत्ता विचारला, परवलीचा शब्द मागितला. झेकोने शब्द दिला. तो फार सोपा आहे, म्हणाला. दुसरा दिला. त्यात आकडा नाही, म्हणाला. तिसरा शब्द देताना झेकोने तोंडाने जे म्हटलं ते लिहिलं, आणि तो मात्र चालला.

“नेदा,” झेकोने हाक मारली. “हे विचारतंय, मी माणूस आहे का.”

“काय सांगितलंस?”

“अजून काही नाही.”

“मग नीट विचार करून सांग.”

शेवटी चौकोन उजळले. झेकोने डोकं खाजवायला हात उचलला, पाच मिनिटं काही वाजवलं नाही, तर सगळा डबा जत्रेतल्या पाळण्यासारखा लाल-हिरवा-निळा फिरू लागला. तो बंद कसा करायचा ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. झेकोने त्याच्यावर टोपी टाकली.

तेवढ्यात फाटक वाजलं. वेलिका आली होती, नवरीची आई. हातात आमंत्रणाची लाकडी चपटी सुरई, तिच्या गळ्याला लाल धागा बांधलेला. आमच्याकडे पत्रिका वाचत नाहीत, सुरईतला एक घोट घेतात आणि आमंत्रण पोटात जातं. झेकोने उजव्या हाताने सुरई तोंडाला लावली, घोट घेतला, “सुखी राहोत पोरं,” म्हणाला.

“बाते झेको, एक मागणं आहे,” वेलिका म्हणाली. “मला रचेनित्सा तशी हवी.” रचेनित्सा म्हणजे लग्नात रुमाल हलवत नाचायचा आमचा जलद नाच.

“कशी?”

“माझ्या लग्नात वाजवलीस तशी. तेवीस वर्षं झाली. त्या छडीने. द्राक्षाच्या पानांवर गारा पडाव्यात तशी वाजत होती. मी दमले होते, नवे जोडे चावत होते, पण पाय खाली ठेवू देईना.”

“रचेनित्सा मी दर लग्नात वाजवतो.”

“वाजवतोस की. धूम, धूम, धूम. सहा वर्षं ऐकतोय आम्ही. लोक म्हणतात, झेको आता एका हाताने वाजवतो. म्हातारा झाला.”

“कोण लोक?”

“मीच,” वेलिका म्हणाली, आणि सुरई घेऊन पुढच्या घरी गेली.

झेकोने फाटक लावलं. मग त्याने जुनं मॉडेल जोडलं. तार बसली, लगेच सुरू झालं. त्याने डोळे मिटून दोन्ही हातांनी रचेनित्सा धरली. लहान, लहान, लांब. लहान, लहान, लांब. उजवा हात धूम म्हणत होता. डावा हात सहा वर्षं करत आला होता तेच करत होता, छडीचे सगळे बोल, बापाने शिकवले तसे. आणि पहिल्यांदाच झेकोने कान देऊन ऐकलं. छडी नव्हतीच. दहांतला एखादा ठोका येत होता, बाकीचे रबरात मुरत होते. सहा वर्षं त्याचा डावा हात बंद दारावर टकटक करत होता आणि आत कुणी नव्हतं. तो स्वतःच्या डोक्यात ऐकत होता, म्हणून त्याला कळलं नाही.

ज्या डब्याने त्याची थरथर झाकली, त्यानेच त्याची छडी गिळली होती.

*

शुक्रवारी तो एकटाच बसने याम्बोलला गेला, दोन्ही डबे बटाट्याच्या पोत्यात घालून, उजव्या खांद्यावर.

“मऊ डब्याला थोडं बहिरं करता येतं का?” त्याने गेर्गिनाला विचारलं.

“येतं की. कितपत बहिरं?”

“थोडं.”

गेर्गिनाने आपल्या लॅपटॉपला नवा डबा जोडला. किती जोराचा ठोका ऐकायचा आणि किती हलक्याकडे दुर्लक्ष करायचं, याचा एक आकडा असतो, तो तिने वाढवला. “वाजवा.”

झेकोने तिच्याकडे पाठ केली आणि वाजवलं. तीनवर थरथर होती. चारवर होती, थोडी दबलेली. पाचवर गेली. त्याने रचेनित्सा धरली, आणि दुसऱ्याच फेरीत थांबला. धूम, धूम, धूम. छडी पुन्हा नाही.

“चारवर घ्या,” तो म्हणाला. छडी आली, थरथर आली. “पाचवर.” दोन्ही गेली. “मध्ये काही नाही का?”

“मध्ये काही नाही,” गेर्गिना म्हणाली. आता ती वर्गातल्यासारखी बोलत नव्हती. “दोन्हींचं वजन एकच आहे. आणि यंत्राला फक्त वजन कळतं.”

झेकोने डावा हात खिशात घातला.

“हात दाखवा,” ती म्हणाली.

“बस चुकेल माझी,” झेको म्हणाला आणि दोन्ही डबे पोत्यात भरले. एकही परत न देता तो निघाला.

“उद्या दुपारी बंद करते मी,” तिने मागून सांगितलं, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं.

घरी आला तेव्हा भाजलेल्या मिरच्यांचा वास अंगणभर पसरला होता. नेदा त्यांची साल काढत होती, तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

“कुठलं परत दिलंस?”

“कुठलंच नाही.”

“म्हणजे आज बसचं तिकीट काढून तू दोन डब्यांना गाव दाखवून आणलंस.”

झेको बसला. नेदाने हात धुतले, सॅलड ठेवलं, ग्लास ठेवला. अर्धा. आणि दोन वर्षांचं सगळं, बहिरा डबा, ऐकणारा डबा, मिंचोचं गाढव, वेलिकाचे लोक, त्या अर्ध्या ग्लासावर येऊन फुटलं.

“मी या घरात भिकारी आहे का? पूर्ण भरायला हात दुखतो तुझा?”

नेदाने टॉवेलला हात पुसले. शांतपणे म्हणाली, “पूर्ण भरला की सांडतो, झेको. उजवा हात गुंतला की तू विसरून डाव्याने उचलतोस. दोन वर्षं टेबलक्लॉथ मी धुते.”

झेकोने डावा हात टेबलाखालून काढला आणि टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. सॅलडच्या ताटलीतला काटा त्याबरोबर बारीक किणकिणत होता. नेदाने काटा उचलून बाजूला ठेवला, एवढंच.

“मिंचोला माहीत आहे?” तो म्हणाला.

“मी कशाला सांगू? हात तुझा, तोंड तुझं.”

*

शनिवारी सकाळी दिंकोच्या कोठारात तालीम होती. झेकोने नवा डबा धान्याच्या पिंपावर ठेवला आणि जुना दिंकोच्या हातात दिला. “हा दुपारच्या आत गेर्गिनाला पोचव.”

“अखेर,” मिंचो म्हणाला. “तीन दिवस लावलेस. तेवढ्यात मी बायको निवडली होती.”

“ते दिसतंच आहे,” झेको म्हणाला. मग तो सगळ्यांकडे वळला. “ऐका. माझा डावा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. हा डबा ते ऐकतो. नवरीच्या निरोपाचं गाणं धीमं आहे, त्यात हा हात खिशात राहील. रचेनित्सेत बाहेर येईल, आणि येईल तसा येईल. कुणाला चालत नसेल तर आत्ता सांगा, उद्या बाबागाडीपाशी नको.”

मिंचोने क्लॅरिनेटचं तोंड काढलं, त्यातली थुंकी झटकली, ते पुन्हा बसवलं. कामाला लागतं त्यापेक्षा जास्त वेळ घेतला.

“म्हणजे धीम्या गाण्यात तू एका हाताने वाजवणार.”

“हो.”

“मग सहा वर्षं काय करत होतास?”

दिंको अकॉर्डियनमागे हसला. मिंचो हसला नाही. त्याने रचेनित्सेचा पहिला सूर लावला आणि झेकोकडे न बघता पाय आपटून ताल मागितला.

*

रविवारी सकाळी नवा डबा बाबागाडीत बसेना. दोन बोटं रुंद. झेकोने बाबागाडीला, डब्याला, तो बनवणाऱ्याला आणि दोन बोटांना, सगळ्यांना क्रमाने शिव्या दिल्या. नेदा आतून कणीक मळायचा लाकडी पाट घेऊन आली, बाबागाडीवर आडवा ठेवला, त्यावर डबा, आणि सगळं तिरकं दोरीने आवळलं. “चार दिवस निवड चालली होती,” ती म्हणाली, “आणि माप कुणी घेतलं नाही.”

कुमला आणलं. नवरीच्या अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली सगळे जमले. कुम पोरांना आशीर्वाद द्यायला उभा राहिला. धिप्पाड माणूस, जुना ट्रॅक्टरवाला, आणि आशीर्वाद लांबला. पाच मिनिटं झाली आणि बाबागाडी लाल-हिरवी-निळी फिरू लागली. पोरं खिदळली. झेकोने टोपी काढून डब्यावर टाकली आणि बोडक्या डोक्याने उभा राहिला. आशीर्वाद ऐकण्यासाठी काढली असं बायकांना वाटलं, एकदोघींनी मानही डोलावली.

मग निरोपाचं गाणं. क्लॅरिनेट रडायचं तसं रडलं. झेकोने डावा हात खिशात घातला आणि उजव्याने वाजवलं, हळू, दूरच्या ढगासारखं. वेलिकाने लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. इतकी हळू धूम गेल्या सहा वर्षांत या गावात कुणी ऐकली नव्हती, कारण जुन्या डब्याला हळू माहीतच नव्हतं.

आणि मग मिंचोने मान झटकली. रचेनित्सा. लहान, लहान, लांब. झेकोचा डावा हात खिशातून बाहेर आला.

पहिल्या फेरीत वेलिका नुसती उभी होती. दुसऱ्या फेरीत तिने मान वळवून बाबागाडीकडे बघितलं. तिसरीत तिच्या हातात रुमाल आला. छडी पडत होती, द्राक्षाच्या पानांवर गारा पडाव्यात तशी, आणि तिचे पाय खाली टेकत नव्हते. बोलांच्या गर्दीत थरथर कुठे गेली ते झेकोलाही कळत नव्हतं. पण लांब मात्रेच्या शेवटी, जिथे हाताने क्षणभर थांबायचं असतं, तिथे ती सापडायची. टिकिटिक्. प्रत्येक फेरीत, त्याच जागी, पाय उचलताना जोड्यात खडा यावा तशी. झेकोला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. तो दात आवळून वाजवत राहिला.

रचेनित्सा संपली. लोक घाम पुसत होते. कुम बाबागाडीपाशी आला, वाकून डब्याकडे बघू लागला.

“झेको,” तो म्हणाला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा, “चांगलं वाजलं. पण हे यंत्र बिघडलेलं आहे तुझं. शेवटी शेवटी कचरा येतो त्यातून. नवं आहे ना? परत दे त्यांना. लोक फसवतात.”

मिंचोने क्लॅरिनेट ओठांपासून दूर केलं. “हो, त्या तारेचा...” त्याने सुरुवात केली.

झेकोला ते सगळं तयार दिसत होतं. तार, प्रोग्राम, दुकान, कारखाना. अंगणातला एकेक माणूस ते मानायला तयार होता.

“यंत्र ठीक आहे,” तो म्हणाला. “तो माझा हात आहे. डावा.”

कुमने हाताकडे बघितलं. हात अजून छडीच्या चौकोनावर टेकलेला होता, आणि टेकलेला होता म्हणून जास्तच थरथरत होता. लाउडस्पीकरमधून टिक् आलं, टिकिटिक् आलं. वेलिका रुमालाने मान पुसता पुसता थांबली.

“बरं,” कुम म्हणाला. त्याने थोडा विचार केला. “आणि उजवा?”

“उजवा ठीक आहे.”

“मग होरो लाव. पाय गार पडतात.”

होरो लागला, हातात हात धरून अंगणभर फेर झाला, फेर फाटकाबाहेर गेला आणि परत आला.

दुपारी वाजंत्र्यांची पंगत बसली. नेदा इतर बायकांबरोबर वाढत होती. तिने झेकोपुढे ग्लास ठेवला आणि राकिया ओतली, काठापर्यंत, वर थेंब फुगून उभा राहील इतकी. झेकोच्या उजव्या हातात मटणाचं हाड होतं. त्याने डाव्या हाताने ग्लास उचलला. पहिला घोट टेबलक्लॉथने घेतला.

“इतका भरतात का कधी?” झेको म्हणाला. “पाहुण्यांचं टेबल आहे, जरा तरी बघून भरावं.”

नेदा पुढच्या ग्लासाकडे गेली होती. झेकोने उरलेला ग्लास संपवला, ओल्या डागावर पावाचा तुकडा ठेवला, आणि मागे वळून बघितलं, तर डब्यावर ठेवलेल्या टोपीखाली बाबागाडी पुन्हा लाल-हिरवी-निळी फिरत होती.